खोट्या गावातल्या भाकऱ्या

माझी आई चिक्कू आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. म्हणजे ती तशी आहे असं नाही, पण गल्लीत तिचं नाव तसं आहे, आणि आमच्या गल्लीत पडलेलं नाव रेशनकार्डावरच्या नावापेक्षा पक्कं असतं. आमचं गाव उंब्रजच्या हायवेपासून जरा आत. दरवर्षी सप्ताह बसतो, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि कीर्तन झालं की महाप्रसाद. आमटी आणि भात देवळामागं शिजतो, भाकरी मात्र घराघरातून येते. सकाळी साडेसातला गल्लीत प्रत्येक घरातून परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू होतो. दहाच्या पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली धुतलेलं धोतर अंथरून दारोदार फिरते आणि भाकऱ्यांच्या चवडी गोळा करते. आणि दरवर्षी, न चुकता, सगळ्यांच्या आधी आवाज थांबतो तो आमच्या घरातला.

तो थांबला की समोरच्या काकी दारात येतात. हात पिठानं माखलेले आणि आवाज थेट चावडीपर्यंत जाणारा.

"झाल्या व्हय गं तुझ्या? लय लवकर झाल्या. आमचं आपलं चाललंय बाई. देवाच्या दारात हात आखडून कसं चालंल?"

आई उठते. परात धुते, पदराला हात पुसते आणि गालातल्या गालात हसते. लहानपणी मला त्या हसण्याचा इतका राग यायचा, की एकदा मी वर्गातल्या पोरांना सांगून टाकलं, ही आमची आई नव्हे, मावशी आहे. आई मुंबईला असते. हे घरी कळल्यावर मला जो प्रसाद मिळाला त्यात हात अजिबात आखडलेला नव्हता.

आईचं हे नाव पुसायचं, हे माझं तेव्हापासूनचं ठरलेलं. मला दुसरी मोठी महत्त्वाकांक्षा कधी नव्हती. बाकी सगळं, नोकरी, लग्न, पीएचडी, आपोआप होत गेलं.

पीएचडी खरं तर आपोआप होत नव्हती. मी सांगलीला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. माझा विषय म्हणजे, ज्या संस्थेत कोणी साहेब नसतो, हुकूम देणारं कोणी नसतं, तरी काम होतं, तिचा कॉम्प्युटरवर अभ्यास करायचा. कॉम्प्युटरमध्ये एक खोटं गाव करायचं. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. प्रत्येक ठिपक्याला दोन-तीन साधे नियम द्यायचे: शेजारी असं करत असेल तर तू तसं कर. मग सगळं सोडून द्यायचं आणि गावाचं काय होतं ते बघायचं. नियम बदलून पुन्हा बघायचं. याला सिम्युलेशन म्हणतात, आणि यावर माणसाची पाच-सहा वर्षं आरामात जातात.

आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती.

"म्हंजी खोटं गाव?"

"व्हय."

"आन् त्यात खोटी माणसं?"

"ठिपके असतात."

"खऱ्या माणसांनी भागंना व्हय तुमचं?" म्हणाली, आणि फोलपटं पाखडायला लागली.

माझ्या गाईड मॅडमचं म्हणणंही फार वेगळं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं कागदावरचं आहे. मला एक जिवंत संस्था दाखवा, जिला साहेब नाही आणि तरी चालते." माझ्या डोळ्यांपुढं आधी आमचं कॉलेज आलं, पण तिथं साहेब होते आणि चालत नव्हतं. मग एकदम आमच्या महाप्रसादाच्या भाकऱ्या आठवल्या. किती करायच्या हे कोणी सांगत नाही. पाव्हणे किती येणार हे कोणाला माहीत नसतं. एखाद्या वर्षी चार गावं लोटतात, एखाद्या वर्षी लग्नाची तिथी आडवी येते आणि मांडव निम्मा रिकामा. तरी भाकरी कमी पडली असं कधी झालं नाही, आणि वाया गेली असंही झालं नाही. गाव करील ते राव करील काय, असं आपण म्हणतो, पण गाव करतं कसं हे कोणी सांगत नाही. मॅडम खूश झाल्या. मी त्याहून खूश झालो, कारण माझ्या मनात दुसराच डाव होता. या निमित्तानं आईच्या नावाचाही निकाल लावता आला तर लावायचा.

त्या सुट्टीत वही घेऊन मी गल्लीत फिरलो. काकींना विचारलं, किती भाकऱ्या करता? "आकरा. घरटी आकरा ठरल्यात." शेजारणीला विचारलं, अकरा. कोपऱ्यावरच्या आजींना विचारलं, त्यांनी आधी मी कोणाचा ते विचारलं, चहा पाजला आणि मग सांगितलं, अकरा. पूर्ण गाव अकरा म्हणत होतं. मी खोट्या गावात घरटी अकरा घातल्या. खोटं गाव उपाशी राहिलं. तेव्हा कळलं की माझ्या आयुष्यात आदरानं पाया पडण्यासारख्या जेवढ्या बायका होत्या, त्या सगळ्या माझ्या तोंडावर बिनदिक्कत खोटं बोलल्या होत्या.

मग मी त्या वर्षीच्या सप्ताहाला रजा काढून गेलो आणि मोबाइल खिडकीत ठेवून गल्लीचा आवाज टिपला. घरी बसून ऐकला, आणि नियम सापडला. कोणतीच बाई शेजारचा आवाज चालू असताना थांबत नाही. थांबली तर लोक काय म्हणतील? भिंतीला भिंत आहे, सगळं ऐकू येतं. मी आनंदानं नाचायचाच बाकी होतो. लगेच नियम लिहिला: शेजारी थापत असेल तोवर थाप. कॉलेजच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीआधी प्रोग्रॅम चालू केला. चहाच्या वेळी परत आलो तर खोट्या गावात लाखो भाकऱ्या झाल्या होत्या आणि एकही बाई उठलेली नव्हती. सगळ्या एकमेकींकडं कान लावून थापत होत्या. शेवटी मशीन गरम होऊन बंद पडलं.

म्हणजे कोणीतरी पहिलं थांबायला हवं होतं. रेकॉर्डिंगमध्ये पहिली थांबलेली कोण, हे ऐकायचीही गरज नव्हती. मी एका ठिपक्याला पहिलं थांबायला लावलं, बाकीच्यांना सांगितलं की शेजारीण थांबली की तिच्यापेक्षा चार जास्त करा आणि मग थांबा. गाव पोटभर जेवलं. चार जास्त का, हे मला माहीत नव्हतं. चार घातल्या की जमत होतं म्हणून घातल्या. प्रबंधात असल्या जागी 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून' असं लिहायची पद्धत आहे.

आता माझा डाव. पहिला थांबणारा ठिपका कोणताही चालत होता. आमच्या घराचा ठिपका सोडून शेजारचा धरला, तरी खोट्या गावाचं फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे आई थांबली नाही तर दुसरी कोणीतरी थांबेल आणि ते नाव उठून तिच्या दारात जाऊन बसेल. पुढच्या सप्ताहाला मी सांगलीहून शाळू ज्वारीचं दळून आणलेलं अख्खं पोतं आईपुढं टाकलं.

"औंदा तू थांबायचं न्हाई. काकी थांबंस्तवर न्हाई."

आई पोत्याकडं बघत राहिली. "कशाला रं?"

"माझी शपथ हाय तुला."

"बघ हां," एवढंच म्हणाली. ज्यांना आया आहेत त्यांना ठाऊक असेल, या दोन शब्दांत काय काय असतं. मला कळायला हवं होतं.

साडेसातला आवाज सुरू झाला. नऊ वाजले. साडेनऊला आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. दहा वाजले. ट्रॉली दारात येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर कंटाळून स्टेअरिंगवर झोपला. कीर्तन सुरू झालं तरी आमच्या गल्लीतला थपाथपीचा आवाज मृदंगाच्या वर. कीर्तनकार महाराजांनी माईकवरून दोनदा सूचना केली, माउलींनी आता कीर्तनाला यावं. एकही माउली उठली नाही. आमच्या गल्लीचं ऐकून पलीकडची गल्ली थांबेना, तिचं ऐकून खालचा वाडा थांबेना. पावणेबाराला काकींच्या घरातला आवाज एकदम बंद झाला. त्यांचा गॅस सिलिंडर संपला होता. तेव्हा कुठं गावानं हात धुतले.

त्या भाकऱ्यांचं काय सांगू. ट्रॉलीच्या चार खेपा झाल्या. मांडवात माणसांपेक्षा भाकऱ्या जास्त बसलेल्या. दुसऱ्या दिवशी गावात कुस्करा, तिसऱ्या दिवशी फोडणीची भाकरी, चौथ्या दिवशी म्हशींनी दावणीत तोंड फिरवलं. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले गृहस्थ; ते मिश्या पिळत गावभर विचारत फिरले, की हा गोंधळ कोणाच्या हुकमानं झाला. हुकूम कोणाचाच नव्हता, हे त्यांना पटेना. मी चार दिवस मळ्यातच बसून राहिलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; माझा तर गोठाच रिकामा झाला होता.

सांगलीला निघायच्या दिवशी आईनं मला समोर बसवलं.

"कुणीतरी थांबायला लागतं का न्हाई?"

"लागतं."

"मग?"

मग तिनं सांगितलं. आमचं घर गल्लीच्या तोंडाला, चुलीपुढं बसलं की देवळाचा रस्ता दिसतो. ती थापता थापता रस्ता बघत असते. टेम्पो किती गेले, फटफट्या किती, शेजारच्या गावची दिंडी पायी आली की गाड्यांनी, बाया-पोरं संगं हायत का नुसतेच बाप्ये. तिथी दाट असली तर पाव्हणे लग्नाला पांगणार. ऊसतोड चालू असली तर टोळ्या जेवायला येणार. हे सगळं धरून ती ठरवते, आणि थांबते. ती थांबली की बाकीच्या थोड्या पुढं जाऊन थांबतात. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच चाललं होतं. तिच्या आधी आमची आजी थांबायची, आणि तिचंही नाव चिक्कूच होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस-पस्तीस वर्षं या बाईनं बोलणी खाल्ली, आणि मी पोरांना सांगत होतो, ही मावशी आहे. मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता गल्लीत सांगतो. देवळात माईकवर सांगतो."

"गप बस. सांगितलंस तर मी थांबल्यावर म्हणत्याल, हिनं हुकूम सोडला. आन् आमच्या गावात हुकूम कवा कुणी मानलाय? मुद्दाम जास्त थापत्याल." ती शांत होती. "नाव हाय ते हाय. नावानं काय अंगाला भोकं पडत न्हाईत."

मॅडमना मी नाव न सांगता हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या संस्थेला साहेब आहे की! लपलेला." मी आईला फोनवर सांगितलं, तू साहेब आहेस म्हणून. तिला इतकं हसू आलं की फोन शेजारणीकडं द्यावा लागला.

तोंड बंद ठेवायचं वचन मी दिलं. पण सुभेदारांनी काही वचन दिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी शिस्त आणायचं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला, अ‍ॅडमिन ते स्वतः. मला सांगितलं, "प्रोफेसर, तुमचा कॉम्प्युटर काय म्हणतो? घरटी किती? एकच आकडा द्या. सिस्टम पायजे." मी 'जमत नाही' म्हणायला हवं होतं. पण मागल्या वर्षीचं पाप डोक्यावर होतं, मी हिशेब करून दिला: घरटी अठरा. सुभेदारांनी ग्रुपवर आदेश टाकला, वर लाल घंटेचं चित्र.

आणि खरोखर घरटी अठराच आल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. फक्त त्या एवढ्या एवढ्याशा होत्या. मोठ्या पुरीएवढ्या. अठरा म्हणजे अठरा. केवढ्या, हे आदेशात कुठं होतं? पहिली पंगत उठता उठता भाकरी संपली. शेजारच्या गावचे पाव्हणे आमटी-भातावर उठले, आणि जाता जाता म्हणाले, "भाकरीचा घास झकास होता." घास. ते अजूनही बोलून दाखवतात.

त्यानंतर देवळात बैठक बसली. सुभेदारांनी सरळ विषय मांडला: पुढच्या वर्षापासून कराडच्या केटररला भाकरीचं काम द्यायचं, झंझट नको. पुरुषांना ते पटत चाललेलं दिसत होतं. बायका एका बाजूला बसल्या होत्या. आईही होती. मी म्हणालो, एकदा माझं खोटं गाव तर बघा. देवळाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि ठिपके दाखवले. केटररचं गाव दाखवलं, ज्यात कोणीच थापत नव्हतं आणि स्क्रीन काळीठिक्कर. आदेशाचं गाव दाखवलं, ते उपाशी. मग जुन्या पद्धतीचं. एक लाल ठिपका विझला, त्याच्या शेजारचे विझले, विझत विझत सगळं गाव शांत झालं, आणि खाली अक्षरं आली, भाकरी पुरली. लोकांना आवडलं. सिनेमासारखं पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर काकींनी मागून विचारलं, "आरं, ह्यो पयला इझतोय त्यो लाल ठिपका कुणाचं घर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईही बघत होती. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ती जागा हीच होती. नुसतं बोट करायचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. आईनं मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही केलं नाही. फक्त बघत राहिली.

"कुणाचं न्हाई काकी," मी म्हणालो. "कॉम्प्युटरनं असंच एक धरलंय."

"आसल एखादी, आमच्या समोरच्या बाईसारखी," काकी म्हणाल्या. देऊळभर हसू फुटलं, आणि सगळ्यांत आधी हसली ती आमची आई. त्या क्षणी काकींचा मला इतका राग आला होता की त्यांच्या घराचा ठिपका मी खोट्या गावातून काढूनच टाकला. नंतर परत घातला.

बैठकीत ठरलं, एक वर्ष जुन्या पद्धतीनं बघायचं. बिघडलं तर केटरर, आणि पुन्हा विषय नाही.

त्याच हिवाळ्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मिरजेला झालं. झालं चांगलं, पण डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली. म्हणजे सप्ताहाला थापायला बसणार माझी बायको. ती मिरजेचीच, औषधांच्या दुकानात काम करते, आणि हात इतका सैल की आमच्याकडं चहाला आलेला माणूस जेवून, डबा घेऊन जातो. ती पहिली थांबेल हे सूर्य पश्चिमेला उगवण्यातलं. आणि ती थांबली नाही तर पुन्हा चार खेपा, पुन्हा म्हशी, आणि केटरर. थांबली तर आईचं नाव तिच्या कपाळी, जन्मभर. मी आईला म्हणालो, निदान तिला तरी सांगू. आई म्हणाली, "सांगून व्हायचं काम न्हाई ते." मला वचन मोडता येईना आणि झोपही येईना. प्रबंध तेवढा सादर करून टाकला होता, हीच एक जमेची बाजू.

सप्ताहाचा शेवटचा दिवस उजाडला. आई कॉटवर टेकून बसलेली, बायको चुलीपुढं परात घेऊन. मी उंबऱ्यात उगाच घुटमळत होतो. नऊ वाजले. टेम्पो जात होते. बायकोच्या हाताची गती काही कमी होईना, आणि चवड वाढतच चालली. साडेनऊला तिनं तव्यावरची भाकरी उलटली, मान जराशी वर करून रस्त्याकडं बघितलं. आणखी दोन थापल्या. मग शेजारी मळलेल्या पिठाचा गोळा शिल्लक असताना तिनं परात उचलली, आणि मोरीत नेऊन धुतली.

मी वेड्यासारखा तिच्याकडं बघत राहिलो. "तुला आईनं सांगितलं?"

"कोणी सांगायचं कशाला? दहा वर्षं यांच्या शेजारी बसून पीठ मळून देतेय. थापताना यांची नजर कुठं असते ते दिसत नाही का मला?" तिनं हात पुसले. "तुम्हालाच कॉम्प्युटर लागला."

एवढ्यात समोरच्या काकी दारात आल्या. नेहमीसारख्या, पिठाच्या हातांनी. तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्या बायकोकडं बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आणि मला जाणवलं की गल्लीतला आवाज कमी होत चाललाय. शेजारचं घर थांबलं. पलीकडचं थांबलं. फार लवकर थांबत होती घरं. कोणीच चार जास्त करत नव्हतं.

"आगं बोल की," आई कॉटवरून ओरडली. आईला ओरडताना मी फार कमी वेळा ऐकलंय. "गप का? बाकीच्या उठायला लागल्या, कमी पडत्याल."

"कशी बोलू गं," काकी रडकुंडीला आल्या होत्या. "तुला बोलायची सवय हाय मला. ही बापडी परवा आल्यावानी वाटती. उगंच तिला नाव ठिवायचं म्हंजी..."

बायको दारात गेली. "बोला काकी. मी यांचीच सून आहे."

काकींनी एकदा देवळाच्या कळसाकडं बघितलं, पदर खोचला, आणि असा आवाज काढला की चावडीवरची कुत्री उठली. "झाल्या व्हय गं बाई, मिरजंच्या पाव्हणीच्या? सासूपरास लवकर झाल्या की! आमचं चाललंय अजून. देवाच्या दारात एवढा हात आखडायचा म्हंजी लय झालं!"

आणि गल्लीत थपाथपा आवाज पुन्हा सुरू झाला. प्रत्येक घरात. चार-चार भाकऱ्यांपुरता, मग शेजारून शेजारी विझत गेला.

मी उंबऱ्यात बसलो. चार जास्त कुठून येतात, ते मी ऐकलं होतं, जन्मभर ऐकत होतो, आणि रागानं कान बंद करून घेतले होते. आईनं थांबायचं, काकींनी बोलायचं. एकीनं नाव सोसायचं, दुसरीनं ठेवायचं. दोघींनी मिळून एवढी वर्षं गाव जेवू घातलं होतं. गल्लीत प्रत्येक बाईला हे न सांगता ठाऊक होतं, कळलं नव्हतं ते फक्त मला. आणि प्रबंधात मी लिहून बसलो होतो, 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून'.

भाकरी पुरली. शेवटच्या पंगतीला थोड्या उरल्या, त्या वाढप्यांनी खाल्ल्या. सुभेदार म्हणाले, सिस्टम चांगली बसली.

दुपारी काकी आईसाठी ताट घेऊन आल्या आणि कॉटच्या कडेला बसल्या. काकींनी ताट पुढं सरकवलं, आईनं घास घेतला. मग म्हणाल्या, "तुझं मिटलं बघ. तुला सून घावली. माझी सून तोंडातनं वंगाळ शबुद काढत न्हाई गं. पुण्याची हाय, लय गोड बोलती. माझा दम लागतो आताशा. मी गेल्यावर तुझ्या सुनंला कोण बोलणार?"

त्या हे थट्टेत म्हणत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते. आईनं घास ताटात ठेवला आणि काकींचा हात धरला. मी दुसरीकडं बघितलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

मग आई म्हणाली, "ह्यो हाय की."

"कोण?"

"ह्योच. दर साली रजा काढून येतोयच. दारात उभा राहून बायकूला बोलाय काय जातंय त्याचं? गल्लीला ऐकू गेलं म्हंजी झालं. बाप्या बोलला तर दोन भाकऱ्या जास्तच करत्याल बाया."

काकींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वर्गात साठ पोरं माझ्याकडं बघत असतात, पण असं कधी कोणी बघितलेलं नाही. "आवाज हाय का पण ह्याला? उठ रं. दारात जाऊन म्हणून दाखव."

मी दारात जाऊन उभा राहिलो. ज्या नावापायी मी इतकी वर्षं झुरलो, ते आता मलाच मोठ्यानं घ्यायचं होतं, तेही माझ्या बायकोला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. गल्लीत दोन-तीन बायका काम सोडून बघायला लागल्या.

"घाबरू नका," बायको आतून म्हणाली. "बोला."